लॅपटॉपला ताप येतो तेव्हा

काय दोस्तांनो, गेम ऐन रंगात आलाय आणि लॅपटॉपचा पडदा एकदम काळा! शिरोड्याच्या आपल्या एका वाचकाची हीच तक्रार. बाबा म्हणतात, "खेळून खेळून तूच बिघडवलास!" त्यातच ताईचा प्रोजेक्टही आहे.

आधी ताईच्या प्रोजेक्टची प्रत पेनड्राइव्हवर घ्या. मग वही घ्या आणि गुप्तहेर बना!

पडद्यावरची चित्रं ग्राफिक्स चिप तयार करते. काम देऊन साधारण 2 सेकंदांत तिचा प्रतिसाद आला नाही, की विंडोज तिला पुन्हा चालू करायला बघते. तेव्हा पडदा काळा होतो, कधी गेमही बंद पडतो.

पण चिप गप्प का बसली? प्रत्येक वेळी किती मिनिटांनी बंद पडलं, ते लिहा. गेम उघडताच पडलं, तर पहिला संशय ड्रायव्हरवर, म्हणजे चिप चालवणाऱ्या सॉफ्टवेअरवर. पंधरा-वीस मिनिटांनी, पंखा घोंघावू लागल्यावर पडलं, तर उष्णतेवर. लॅपटॉपची मागची बाजू जराशी उचलून खेळून पाहा. एका वेळी एकच बदल, बरं का! नाहीतर चोर कोण ते कळायचंच नाही.

शिरोडा म्हणजे मिठागरांचं गाव. 1930 साली इथं मिठाचा सत्याग्रह झाला. इथल्या खाऱ्या, दमट हवेत पंख्यावर धूळ चिकटते, वारा कोंडतो आणि धातू गंजतो. म्हणून पंखा जाणकाराकडून साफ करून घ्या, स्वतः उघडू नका.

आणि हो, ती वही बाबांना जरूर दाखवा. कदाचित चोर तुम्ही नसालच!