मनी आणि मोती एका छपराखाली

गेल्या महिन्यात काचीगुड्याहून एका वाचक भगिनींचे पत्र आले. सासूबाईंची मांजरी नऊ वर्षांची. चिरंजीवांनी कुत्र्याचे दोन महिन्यांचे पिल्लू आणून थेट तिच्यापुढे ठेवले. तेव्हापासून मांजरी कपाटावरून उतरत नाही, दोन दिवस तिने अन्नाला तोंड लावलेले नाही आणि घरात ‘मांजरी कोणाला तरी देऊन टाका’ असा सूर निघू लागला आहे. सासूबाई काही बोलत नाहीत. पण त्यांचेही जेवणात लक्ष नाही.

या पत्राचे पहिले उत्तर आम्ही दूरध्वनीवरूनच दिले. मांजर काही दिवस उपाशी राहिले तर त्याच्या यकृतात चरबी साचते आणि प्रसंग जिवावर बेततो. म्हणून आधी नारायणगुड्याचे सरकारी पशुरुग्णालय गाठावे, बाकीचे मागाहून.

पाणिनीने शाश्वत वैऱ्यांच्या समासासाठी स्वतंत्र नियम केला. साप-मुंगूस आणि मांजर-उंदीर ही त्याची नित्याची उदाहरणे. कुत्र्या-मांजराची जोडी त्यांत सहसा सांगत नाहीत, याचे आम्हांस बरे वाटते. या दोघांत वैरापेक्षा गैरसमज अधिक. कुत्रा शेपूट हलवितो ते बहुधा सलगीने. मांजर शेपूट आपटते ते संतापून. २००८ साली तेल अवीव विद्यापीठातील संशोधकांनी ही दोन्ही जनावरे पाळणाऱ्या सुमारे दोनशे घरांचा अभ्यास प्रसिद्ध केला. बहुतेक घरांत दोघांचे बरे जमलेले आढळले. मांजर आधी आलेले असले आणि कुत्रा वर्षाच्या आतला असला, तर विशेष. काचीगुड्याच्या घरी या दोन्ही गोष्टी अनुकूल आहेत. चुकली ती घाई.

पिल्लू काही दिवस वेगळ्या खोलीत ठेवावे. दोघांची अंथरुणाची फडकी आलटून पालटून एकमेकांजवळ टाकावीत, म्हणजे डोळ्यांआधी नाकांची ओळख होते. मग बंद दाराच्या दोन्ही बाजूंस दोघांना जेवू घालावे. समोरासमोर आणायचे ते पिल्लाला साखळी लावून, चार-पाच मिनिटेच. मांजरीला पळून चढण्यास उंच जागा हवीच. पूर्वीच्या घरांना कौले होती, माळा होता. सदनिकेत निदान कपाटाचा माथा तरी मोकळा करून द्यावा. तिची मातीची परातही कुत्र्याच्या वाटेत नसावी. आणखी एक, आमच्या शाकाहारी घरांना अप्रिय वाटेल असे: मांजराचा पिंड मांसाहारी आहे, निव्वळ दूधभातावर ते निरोगी राहत नाही, कुत्र्याचे अन्नही त्यास पुरे पडत नाही. रेबीजची लस मात्र दोघांनाही टोचून घ्यावी.

परवा भगिनींचे दुसरे पत्र आले. मांजरी खाऊ लागली आहे. पिल्लू अजून मागच्या खोलीतच असते, आणि रोज सकाळी फडकी बदलण्याचे काम सासूबाईंनी आपल्याकडे घेतले आहे.