सेलमध्ये वाचलेले पैसे

आषाढात लक्ष्मी रोडवर 'सेल'च्या पाट्या लागल्या की भल्याभल्यांचं गणित कच्चं होतं. '५० टक्के, वर आणखी २० टक्के सूट' म्हणजे सत्तर, असं समजून मी हजाराचा शर्ट घेतला. बिल चारशेचं!

"अहो, ते वीस टक्के उरलेल्या पाचशेवर!" सौभाग्यवतींनी शिकवणी घेतली.

पहिल्याच धुण्यात शर्ट धाकट्याच्या मापाचा झाला. हिनं तिथलीच चादर आणली होती. पण वीण उजेडात धरून, काठ ओढून पाहून. ती अजून टिकून आहे.

सेलमध्ये वाचलेले पैसे कुणी पाहिलेत? गेलेले मात्र सगळ्यांनी! माझं स्पष्ट मत : पाटी नसतानाही जी घेतली असती, तीच वस्तू स्वस्त. बाकी सारी अडगळ. पैसे मोजून आणलेली!