शरियत आठवते, वसियत का नाही?

तलाकच्या प्रश्नावर आपण ५० वर्षांहून अधिक काळ भांडलो. १९७० साली हमीद दलवाईंनी मुस्लिम सत्यशोधक मंडळ स्थापन केले, १९८५ साली शाहबानोचा निकाल आला, २०१७ साली सर्वोच्च न्यायालयाने एका दमात दिलेला तिहेरी तलाक रद्द ठरवला. या साऱ्या गदारोळात एक प्रश्न कोपऱ्यातच राहिला. नवरा तलाक न देता भरल्या संसारातून अचानक गेला, तर त्याच्या बायकामुलांचे काय?

विचारून पाहा, ठरलेले उत्तर मिळते. ‘आपल्यात मृत्युपत्राची गरज नाही, हिस्से कुरआनने ठरवून दिलेत.’ दुसरे उत्तर, ‘भर तारुण्यात मरणाची भाषा कशाला?’ ही उत्तरे धर्मनिष्ठ वाटतात. खरे तर ती आळसाची आहेत. सूरह निसामध्ये हिस्से सांगताना ‘वसियत आणि कर्ज वजा जाता’ ही अट पुन्हा पुन्हा येते. वसियत करण्याजोगे काही असेल, तर ती लिहिल्याविना दोन रात्रीही काढू नयेत, अशा अर्थाची हदीस आहे. आपण दोन रात्री सोडा, सारे आयुष्य काढतो!

हिशेबच मांडू. पस्तिशीतला एक माणूस. आईवडील हयात, पत्नी, एक मुलगा, एक मुलगी. मागे ३६ लाखांचा फ्लॅट. कर्ज नाही असे धरू. पत्नीला आठवा हिस्सा म्हणजे साडेचार लाख, आईला सहा, वडिलांना सहा, मुलाला तेरा, मुलीला साडेसहा लाख. हे हिस्से पैशात नाहीत, चार भिंतींत आहेत. दीर-सासऱ्याशी पटले तर ठीक. न पटले तर साडेचार लाखांची मालकीण कोणत्या खोलीत राहणार?

पुढची अडचण आणखी मोठी. मुलांचे साडेएकोणीस लाख आईच्या हाती येत नाहीत. मुस्लिम कायद्यात आईकडे मुलांचा सांभाळ असतो. त्यांच्या मालमत्तेची कायदेशीर पालक ती नसते. इमामबंदी खटल्यात १९१८ साली प्रिव्ही कौन्सिलने हे स्पष्ट केले. बापाने कोणाला नेमले नसेल तर तो अधिकार आजोबांकडे जातो; तेही नसतील तर आईला पालकत्वासाठी कोर्टाची पायरी चढावी लागते. मात्र बापाने वसियतीत तिला ‘वसी’ नेमले, तर मुलांच्या मालमत्तेचा कारभार तिच्याकडे येतो. एका कागदाचे काम. तो कागद किती घरांत आहे?

आता सर्वांत दुखरी गोष्ट. बाप आजोबांआधी वारला आणि चुलते हयात असले, तर आजोबांच्या मालमत्तेत नातवंडांना काहीच मिळत नाही. बाप गेला, मागोमाग घरही गेले! इजिप्तने १९४६ साली सक्तीच्या वसियतीचा कायदा करून आणि पाकिस्तानने १९६१ च्या वटहुकुमाने या पोरक्यांना वाटा दिला. आपल्याकडे तसा कायदा नाही. पण शरियतने दार बंद कुठे केले? एक तृतीयांशापर्यंत वसियत करता येते आणि ती वारस नसलेल्याला करता येते. पोरका नातू वारस नाही, म्हणूनच आजोबा त्याच्या नावे लिहू शकतात. जे आजोबा लिहीत नाहीत, त्यांनी दोष शरियतला देऊ नये.

आणि शरियतच्या नावाने मोर्चे काढणाऱ्यांनी एकदा आपल्या बहिणींकडे पाहावे. मुलीचा अर्धा हिस्सा कमी की पुरेसा, यावर वाद घालायला आपण तयार. तो अर्धा तरी तिच्या हाती पडतो का? बाप गेला की हक्कसोडपत्र पुढे येते. ‘माहेर तुटेल’ म्हणत ती सही करते. तीच गोष्ट मेहरची. मेहर हे नवऱ्यावरचे कर्ज आहे, वारसांचे हिस्से पडण्याआधी फेडायचे. पण नवरा गेला की ते माफ करवून घेतले जाते.

मग काय करावे? मेहर आजच द्या. मुलांसाठी वसी नेमा. विम्याची पॉलिसी घेताना ती १८७४ च्या विवाहित स्त्रियांच्या मालमत्ता कायद्याखाली बायकोमुलांच्या नावे घ्या. हा कायदा मुस्लिमांनाही लागू आहे, आणि ती रक्कम वारसांच्या वाटणीत येत नाही. बँकेत नॉमिनी लावला की काम झाले, हा भ्रम सोडा. नॉमिनी पैसे उचलतो, मालक होत नाही. राहते घर बायकोला द्यायचे असेल तर हयातीत हिबा करा. मात्र हिबा म्हणजे नुसता कागद नव्हे. देणे, तिने स्वीकारणे आणि ताबा, तिन्ही हवे. आणि हिब्याच्या आडून मुलींना डावलू नका; मुलांना देताना समानता राखा, ही पैगंबरांचीच शिकवण आहे.

कोणाला याहून पुढे जायचे असेल तर विशेष विवाह कायदा आहे. त्याखाली विवाह नोंदवला की १९२५ चा भारतीय वारसा कायदा लागू होतो. केरळातले वकील-अभिनेते सी. शुक्कूर यांनी तीन मुलींसाठी ८ मार्च २०२३ रोजी पत्नीशीच पुन्हा असा विवाह केला. मुलगा नसल्याने मुलींचा हिस्सा दोन तृतीयांशावर थांबला असता आणि उरलेल्यात भावांचा हक्क आला असता. त्यांच्यावर टीका झाली. टीका करणाऱ्यांनी आपल्या भाच्यांना, पुतण्यांना काय दिले, तेही सांगावे.

जुम्याच्या खुतब्यात कधी वसियतीचा विषय ऐकला आहे? निकाह लावताना काझीसाहेब मेहर विचारतात. त्याच बैठकीत वसियतीची गोष्ट काढायला कोणी अडवले आहे? समान नागरी कायद्याची चर्चा निघाली की आपण ‘आमचा कायदा पुरेसा आहे’ म्हणतो. पुरेसा असेल तर तो वापरून दाखवावा लागेल. शरियतने दिलेली एक तृतीयांशाची जागा आपण कोरीच ठेवतो, आणि तिची किंमत पस्तिशीतली विधवा भरते, तिची मुले भरतात.