कोरे मावळे हवेत

गेल्या ऑगस्टमध्ये मी माझे चाळीस सैनिक रंगवायला बाहेर देणार होतो. दुबईत एक जण फावल्या वेळात हे काम करतो. त्याने व्हॉट्सॲपवर भाव कळवला: एका सैनिकाचे ५० दिरहम, डोळ्यांना आणि बंदुकीला ‘ग्लो इफेक्ट’ हवा असेल तर १५ जास्त. म्हणजे चाळिसांचे २६०० दिरहम. इथे आलेला प्रत्येक मराठी माणूस करतो तसे मी मनात त्याचे रुपये केले आणि फोन उलटा ठेवला.

हा खेळ माहीत नसलेल्यांसाठी थोडं सांगतो. इंग्लंडमधल्या नॉटिंगहॅमच्या गेम्स वर्कशॉप या कंपनीचा ‘वॉरहॅमर ४०,०००’ हा टेबलावर मांडून खेळायचा लढाईचा खेळ १९८७ पासून चालू आहे. सैनिक जेमतेम तीन सेंटिमीटर उंच, प्लास्टिकचे. ते सुट्या भागांत, करड्या रंगात मिळतात. कापायचे, चिकटवायचे, रंगवायचे आणि मग फासे टाकून लढायचं. माझं सैन्य ‘नेक्रॉन’ जातीचं. गोष्ट अशी की हे धातूचे सांगाडे सहा कोटी वर्षं थडग्यांत झोपले होते, आता जागे झालेत. त्यांच्या डोळ्यांतून, छातीतून, बंदुकीतून हिरवा उजेड येतो. सामन्याच्या १०० गुणांपैकी १० गुण सैन्य पूर्ण रंगवलेलं असेल तर मिळतात. रंगवलं कुणी, हे नियमात कुणी विचारत नाही.

आणि इथे यूएईत तर कुठलंच काम कुणी केलं हे कुणी विचारत नाही. इस्त्री लाँड्रीवाला नेतो, गाडी पार्किंगमध्येच धुऊन मिळते, कपाट जोडायला माणूस येतो. शारजात आठ वर्षं राहून मी भिंतीत एक खिळा ठोकलेला नाही. हे मी कौतुकाने सांगत नाही आणि लाज वाटते असंही नाही, सवय झाली आहे. ती मोडली माझ्या आठ वर्षांच्या मुलाने. भाव ऐकून तो म्हणाला, “बाबा, मग खेळायलापण त्यांनाच सांगायचं का?”

मग मीच बसलो.

पहिला घोळ प्रायमरचा. काळ्या प्रायमरचा स्प्रे बाल्कनीत मारला. ऑगस्टमधली शारजाची हवा म्हणजे अंगावर ओला टॉवेल टाकून तव्यासमोर उभं राहणं. रंग सैनिकापर्यंत पोचेपर्यंत हवेतच अर्धा सुकला आणि सगळे सैनिक रव्यात घोळल्यासारखे खरखरीत झाले. पहिले पाच फुकट गेले. पुढचे घरात ब्रशने केले. घरात एसी, त्यामुळे प्लेटमधला रंग पाच मिनिटांत सुकायचा. त्यावर उपाय सोपा निघाला: डब्यात ओला स्पंज, त्यावर बटर पेपर, त्यावर रंग. बायकोचा पोळ्यांचा डबा गेला तो गेलाच.

खरी गंमत उजेडाची. मित्र म्हणाला, “रेडियमचा रंग मार ना, कंपासपेटीवर चांदण्या चिकटवायचो तसा.” तसा रंग मिळतोही. पण तो चमकतो खोलीतला दिवा बंद केल्यावर, आणि खेळ चालतो ट्यूबलाइटखाली. तिथे तो नुसता फिकट पिस्ता दिसतो. तेव्हा भर उजेडात जो उजेड दिसायला हवा, तो साध्या रंगानेच, फसवून दाखवावा लागतो. मी दुकानातला सगळ्यात भडक हिरवा आणला आणि डोळे, छाती, बंदूक, आजूबाजूचे हात, सगळीकडे तो सढळ हाताने लावला. बायकोने सैनिक उचलून पाहिला. “अरे, याला शेवाळ आलंय का?”

शेवाळच आलं होतं. कोल्हापुरात जुलैत परसातल्या भिंतीला येतं तसं. याचं कारण समजायला मला दोन आठवडे लागले. उजेड जिथून निघतो ती जागा सगळ्यात फिकट हवी, जवळजवळ पांढरी. आपला डोळा प्रखर गोष्टीचा रंग बघतच नाही, ट्यूबची नळी पांढरीच दिसते. रंग दिसतो तो उजेड जिथे पडतो तिथे. म्हणून बंदुकीची नळी मधोमध पांढरी, कडेला पोपटी आणि बाजूच्या हातावर गडद हिरवा, तोही पाण्यासारखा पातळ करून. अंतर दुप्पट झालं की उजेड चौथाई होतो, हे नववी-दहावीच्या भौतिकशास्त्रातलं गणित इथे एका सेंटिमीटरच्या आत बसवावं लागतं. जो भाग नळीकडे तोंड करून आहे त्याच्यावरच हिरवा, पाठ फिरवलेल्या भागावर थेंबसुद्धा नाही. आणि उरलेला सैनिक काळोखात. मी हिरवा वाढवत होतो तोवर शेवाळ वाढत होतं. वैतागून एकावर काळा आणि गडद तपकिरी चढवत गेलो, छाती-पोट बुजवत आणलं, तर अचानक डोळे पेटल्यासारखे दिसायला लागले. डोळ्यांना मी हातही लावला नव्हता.

यावर माझं शिक्षण झालेलं होतं, हा त्यातला विनोद. कॉम्प्युटर इंजिनिअरिंगला आम्हाला कॉम्प्युटर ग्राफिक्स हा विषय होता. टर्बो सीमध्ये ब्रेसनहॅमची रेघ काढायची, जर्नल पूर्ण करायची आणि फाँगचं प्रकाशाचं मॉडेल पाठ करायचं: सभोवतालचा उजेड अधिक पसरणारा उजेड अधिक चकाकी. बुई तुओंग फाँग या संशोधकाने १९७५ मध्ये ते प्रसिद्ध केलं. समीकरण मी परीक्षेत बिनचूक लिहिलं होतं. त्यातली पहिली संख्या, सभोवतालचा उजेड, कमी केल्याशिवाय दिवा दिव्यासारखा दिसत नाही, हे मला शेवाळ आलेल्या सैनिकाने शिकवलं.

आणि मग आठवलं आत्याच्या घरातलं चित्र. तुम्हीही पाहिलं असेल: साडीतली बाई, एका हातात दिवा, दुसऱ्या हाताचा आडोसा, चेहऱ्यावर पिवळसर उजेड. कित्येक घरांत ते राजा रवि वर्मांचं म्हणून लावलेलं असतं. रवि वर्मा १९०६ मध्ये गेले. हे चित्र त्यानंतर सुमारे चाळीस वर्षांनी, १९४५-४६ च्या सुमारास, सावंतवाडीत जन्मलेल्या सावळाराम लक्ष्मण हळदणकरांनी काढलं. ‘ग्लो ऑफ होप’ नावाचं हे चित्र आज म्हैसूरच्या जगनमोहन राजवाड्यात आहे. मॉडेल होती त्यांची मुलगी गीता. पुढे त्या गीताबाई उपळेकर आमच्या कोल्हापूरच्याच झाल्या आणि २०१८ मध्ये वयाच्या १०२ व्या वर्षी गेल्या. लहानपणी मी ज्या गावात सायकल फिरवत होतो त्याच गावात त्या दिव्याच्या उजेडातला चेहरा राहत होता, हे मला शारजात बसून कळलं.

ते चित्र जलरंगातलं आहे. जलरंगात पांढरा वरून लावायचा नसतो, कागद कोरा राखायचा असतो. म्हणजे सगळ्यात उजळ जागेवर हळदणकरांनी कमीत कमी काम केलं आणि सगळी मेहनत अंधारावर घेतली. मोबाइलवर मोठं करून बघा: बोटं नुसती उजळलेली नाहीत, ती आतून लालसर आहेत, कारण उजेड बोटांच्या कडेतून आरपार येतोय. त्वचेतून उजेड असा फिरून येतो त्याचं गणित सिनेमावाल्यांच्या संगणकांना बऱ्याच उशिरा जमलं. हळदणकरांनी ते ओल्या ब्रशने करून ठेवलं होतं.

असो. मला बोलायचंय ते किल्ल्याबद्दल.

ऑक्टोबरात माझे नेक्रॉन टेबलावर वाळत होते. आईने व्हिडिओ कॉलवर ते पाहिले आणि म्हणाली, “अरे, हे मावळेच की!” बरोबर बोलली. दिवाळीचा किल्ला हा आपला टेबलावरचा युद्धखेळच, फक्त अंगणात मांडलेला. इथेही मराठी घरांत किल्ले होतात. अंगण नाही, लाल माती नाही. नर्सरीतून कुंडीच्या मातीची पोती आणायची, बाल्कनीत प्लास्टिक अंथरायचं, वर अळीव पेरायचे. पण ही हौस कमी होत चाललीय. मी गेल्या दोन दिवाळ्यांत पाहिलेले बहुतेक किल्ले तयार आणलेले होते. गावाहून येणाऱ्याच्या बॅगेतून किंवा कार्गोने. बुरूज तयार, तोफा तयार आणि मावळे एका साच्यातले, भगवं पागोटं, एकसारखी मिशी. मुलं ते खोक्यातून काढतात, मांडतात, फोटो निघतात, तासाभरात संपतं. माझ्या चाळीस सैनिकांचं जे होणार होतं तेच.

आम्हीही लहानपणी रंगवलेलेच मावळे घ्यायचो, हे कबूल करतो. पण ते मातीचे, कच्च्या रंगाचे. किल्ल्यावर पाणी मारलं की दुसऱ्या दिवशी मावळ्याचा अंगरखा तळ्यात उतरलेला असायचा. मग दाराचा उरलेला ऑइलपेंट, नाहीतर पोस्टर कलर घेऊन डागडुजी. ती डागडुजी हाच खरा उद्योग होता. आता रंग पक्के झाले आणि उद्योग गेला.

म्हणून माझं म्हणणं एवढंच आहे: किल्ला जमेल तसा करा, तयार आणला तरी चालेल, पण मावळे कोरे आणा. महाराजांची मूर्ती मात्र रंगवलेलीच घ्या. तिथे डोळ्यांची आखणी जाणत्या हाताचीच हवी, तो प्रयोगाचा विषय नाही. बाकी भालेवाले, तोफवाले, गवळणी मुलांच्या ताब्यात द्या. “पोरं घाण करतात,” असं मला आमच्या मजल्यावर दोघांनी सांगितलं. करतातच. माझं शेवाळ मी चाळिशीच्या उंबरठ्यावर केलं. “वेळ कुठाय?” हेही ऐकलं. एका मावळ्याला एक संध्याकाळ लागते. माझ्यासारखा माणूस रोज तेवढा वेळ ट्रॅफिकमध्ये दुबईहून शारजाला येताना घालवतो.

अडचण वेगळीच निघाली, कोरे मिळण्याची. आत्येभावाला गंगावेशीजवळच्या कुंभार गल्लीत पाठवलं. तिथून त्याने फोन लावला. मागून आवाज आला, “कोरं कोण घेतंय? रंगीवलेलंच खपतंय.” मला हे पटत नाही. नॉटिंगहॅमची कंपनी कोरे सैनिकच विकते, वर रंगाच्या डब्या विकते, ब्रश विकते आणि १९८७ पासून रंगवण्याची स्पर्धाही घेते. अर्धवट माल देऊन उरलेलं काम गिऱ्हाइकाकडून करून घ्यायचं आणि त्याचेही पैसे घ्यायचे! आमचा कुंभार मात्र सीझनला रात्र रात्र जागून शेकडो एकसारख्या मिशा काढतो आणि त्याचे त्याला फारसे सुटत नाहीत. कोरे विकले तर त्याचा रंग वाचेल, जागरण वाचेल. शेवटी आत्येभावाच्या ओळखीवर २५ मिळाले. आईने साड्यांत गुंडाळून आणले, दोन वाटेत फुटले.

त्यातल्या एका भालेवाल्याचा भाला मुलाने मधोमध मोडला आणि टोकाला फेव्हिकॉलमध्ये बुडवलेला कापूस चिकटवला. झाली मशाल. किल्ला पन्हाळा होता. मशालवाला बुरुजावर ठेवायचा ठरला. विशाळगडाच्या वाटेवर नको, कारण “लपूनछपून जाताना मशाल कोण धरेल?” माझ्याकडून शिकलेलं सगळं त्याने केलं. कापूस मधे पांढरा, मग पिवळा, मग केशरी. गालाची एकच बाजू केशरी, दुसरी गडद निळी. मग मावळा उलटा करून त्याने पाठीलाही पुसट केशरी लावलं.

मी म्हणालो, “पाठीवर कसा येईल उजेड? मशाल पुढे आहे ना.”

“मागे बुरूज आहे. भिंतीवर आपटून परत येतो.”

मी गप्प बसलो. याला रेडिओसिटी म्हणतात. आमच्या पुस्तकात तो शेवटचा धडा होता आणि परीक्षेला येत नाही म्हणून आम्ही सगळ्यांनी सोडला होता.

यंदा मी साठ कोरे सांगितलेत, त्यातले दहा मशालवाले. कुंभाराकडे मशालवाल्याचा साचाच नाही. पन्नास जरी खपणार असतील तर नवा साचा करतो, असं त्याने आत्येभावाला सांगितलंय. दहा माझे धरा, चाळीस राहिलेत.