अटीविना अन्न

दुष्काळ म्हणजे धान्याचा अभाव, असा सर्वसाधारण समज आहे. आयर्लंडमध्ये १८४५ पासून पडलेला महादुष्काळ या समजाचा पुनर्विचार करावयास लावतो. बटाट्याच्या पिकावर करपा पडला आणि केवळ बटाट्यावर जगणारी गरीब कुटुंबे निराधार झाली. त्याच काळात तेथील बंदरांतून धान्य आणि लोणी इंग्लंडला जातच होते. बाजारात माल होता, पण तो विकत घेण्याची ऐपत भुकेल्यांजवळ उरली नव्हती. भुकेने व रोगराईने सुमारे १० लाख माणसे दगावली, तर जवळजवळ तितक्याच लोकांनी देश सोडला.

नोव्हेंबर १८४६ मध्ये डब्लिनच्या क्वेकर समाजाने मध्यवर्ती मदत समिती स्थापन केली. क्वेकर हा संख्येने अगदी लहान ख्रिस्ती पंथ. भुकेलेले बहुतांश कॅथॉलिक. समितीचे दोन्ही चिटणीस व्यापारी होते. जोसेफ ब्यूली चहाचे आणि जोनाथन पिम कापडाचे. व्यापारातील शिस्त त्यांनी सेवेत आणली. गरज कोठे अधिक आहे याची चौकशी केली, गावोगावी मोठ्या कढया पुरवल्या, सूपकेंद्रे उभारली आणि १८५२ मध्ये आपल्या कार्याचा सविस्तर वृत्तान्त छापून जगापुढे ठेवला.

त्या काळी काही धर्मप्रचारक सूपाच्या मोबदल्यात धर्मांतराची अपेक्षा बाळगत. त्याची कटू आठवण आयरिश समाजात पिढ्यान्‌पिढ्या राहिली. क्वेकरांनी मात्र अन्न घेणाऱ्याला त्याचा धर्म विचारला नाही. म्हणून त्यांचे नाव तेथे आजही आदराने घेतले जाते.

मदतीचे हात दूरदूरून आले. कलकत्त्यात उभ्या राहिलेल्या निधीत युरोपीय अधिकारी, आयरिश सैनिक आणि भारतीय दाते सहभागी होते. सुमारे १४,००० पौंड जमले. लंडनमध्ये १ जानेवारी १८४७ रोजी स्थापन झालेल्या मदत संघात ज्यू पेढीवाले लायनेल डी रॉथशिल्ड अग्रभागी होते. अमेरिकेतील चॉक्टॉ आदिवासींनी २३ मार्च १८४७ रोजी १७० डॉलर जमविले. १८३१ पासून त्यांना स्वतःच्या भूमीतून हुसकावण्यात आले होते आणि वाटेत हजारो माणसे मरण पावली होती. भूक काय असते, हे त्यांना कोणी सांगावे लागले नाही.

आयर्लंडने हे ऋण विसरले नाही. कॉर्क परगण्यातील मिडलटन येथे पोलादी पिसांचे स्मारक उभे आहे. २०२० मध्ये कोविडने नवाहो व होपी या अन्य आदिवासी समाजांना ग्रासले, तेव्हा असंख्य आयरिश नागरिकांनी चॉक्टॉंच्या दानाचे स्मरण करून त्यांना लहानमोठ्या रकमा पाठविल्या. मूळ दानाला तेव्हा १७३ वर्षे झाली होती.

आपल्या गावांतही निरनिराळ्या समाजांची अन्नछत्रे चालतात. सणाच्या दिवशी एकाच रस्त्यावर चार ठिकाणी वाढले जाते आणि अन्य दिवशी तोच रस्ता उपाशी राहतो. चार समाजांच्या विश्वस्तांनी एकत्र बसून वार वाटून घ्यावेत, शिधापत्रिका नसलेल्यांची, एकाकी वृद्धांची व मजुरांची एक सामाईक नोंदवही ठेवावी. तीत नाव, पत्ता आणि घरातील माणसांची संख्या एवढेच रकाने असावेत. जातिधर्माचा रकाना नसला तरी हिशेब अडत नाही.