शहर दाखविणाऱ्यालाही ड्युटी असते



हिवाळा सुरू झाला की महाराष्ट्रातून रेल्वे व पोस्टातील बांधव बेंगळुरूकडे येऊ लागतात. कोणी पासवर, कोणी एलटीसीवर, तर कोणी अधिवेशनाचे प्रतिनिधी म्हणून. येथे इंदिरानगरात आम्हांस त्यांच्याकडून हमखास एकच प्रश्न येतो : एका दिवसात काय काय पाहून होईल?

उत्तर सोपे आहे. मॅजेस्टिकहून महानगर परिवहनाच्या 'बेंगळुरू दर्शिनी'सारख्या सहली निघतात. विधानसौध, टिपूचा उन्हाळी राजवाडा, बसवनगुडीचा नंदी, लालबाग असे सारे एका दिवसात उरकते. सार्वजनिक उपक्रमाने अशी सोय करावी, हे आम्हांस योग्यच वाटते. कामगाराच्या खिशाला ती परवडते.

पण घाईत पुष्कळ काही राहून जाते. १६३८ साली हे शहर विजापूरकरांच्या हाती आले आणि शहाजीराजांची जहागीर झाले. बालपणी शिवराय जिजाऊंसह येथे येऊन राहिले होते. मल्लेश्वरमच्या काडू मल्लेश्वर देवळाला शहाजीराजांचे पुत्र व्यंकोजी यांनी १६६९ साली दिलेल्या दानाचा शिलालेख आहे. इंदिरानगरहून मेट्रोने निघून मॅजेस्टिकला गाडी बदलली की मल्लेश्वरमला जाता येते. इंदिरानगरला लागून असलेल्या दोम्मलूरच्या चोक्कनाथस्वामी देवळात जुने तमिळ शिलालेख आहेत. म्हणजे हे शहर कन्नड माणसाचे आहेच, पण तमिळ, मराठी, दखनी अशा अनेकांच्या कष्टाचा वाटा त्यात आहे. भाषेवरून भांडणे लावणाऱ्यांना हे शिलालेख दाखविण्यासारखे आहेत.

आणि बांधणाऱ्यांचे काय? १९५१ साली पायाभरणी होऊन १९५६ साली पुरी झालेली विधानसौध हजारो मजुरांनी उभी केली, त्यांत तुरुंगातील कैदीही होते. पर्यटकाला मुख्यमंत्री केंगल हनुमंतय्यांचे नाव ऐकू येते. दगड घडविणाऱ्याचे नाव कोणाच्या कानावर पडत नाही. म्हैसूरच्या जुन्या राजधानीत, श्रीरंगपट्टणला, टिपूचे शस्त्रागार रेल्वेच्या दुहेरी मार्गाच्या आड येत होते. ते न पाडता २०१७ साली अखंड उचलून शंभर मीटरहून अधिक दूर नेऊन ठेवले. रेल्वे कामगाराने ते मुद्दाम पाहावे.

हे सारे सांगितले नाही म्हणून मार्गदर्शकाला दोष देऊ नका. प्रत्येक ठिकाणी त्याला मोजकी मिनिटे मिळतात. खासगी सहलींत तर त्याला पगार थोडा, कधी मुळीच नसतो. प्रवाशांची टीप आणि रेशमाच्या दुकानातले कमिशन यांवर त्याचे घर चालते. मग देवळाला दहा मिनिटे आणि दुकानाला पाऊण तास लागला, तर नवल ते काय?

चालकाची स्थिती याहून बिकट आहे. म्हैसूर-श्रीरंगपट्टणची एक दिवसाची सहल पहाटे सहाला निघाली तर परत यायला रात्रीचे दहा सहज वाजतात. हे सोळा तास झाले. २०२३ साली नवा महामार्ग खुला झाला, वेळ वाचू लागला, पण वाचलेल्या वेळात आणखी एक ठिकाण घुसविले जाते. १९६१ च्या मोटार वाहतूक कामगार कायद्याने सर्वसाधारणपणे दिवसाला आठ तास काम, आणि विश्रांती धरून बारा तासांची मर्यादा घातली होती. आता तो कायदा २०२० च्या संहितेत सामावला गेला आहे. कायद्याचे नाव बदलले तरी चालकाच्या डोळ्यांवरची झोप बदलत नाही. १९७३ साली लोको रनिंग स्टाफने दहा तासांच्या ड्युटीसाठी संप केला, तो याच झोपेपायी. ती गोष्ट आपण अभिमानाने सांगतो. मग आपणच भाड्याने घेतलेल्या बसच्या चालकाला सोळा तास कसे राबवू शकतो?

शाखेने सहलीसाठी बस ठरविली की त्या दिवसापुरते आपण मालक असतो, ही गोष्ट नीट ध्यानात घ्यावी. एरवी मालकाकडे ज्या मागण्या आपण करतो, त्या त्या दिवशी आपल्यालाच लागू होतात.

म्हणून सर्व शाखांना आमची विनंती आहे. बस ठरवितानाच चालकाचे तास लिहून घ्या. सहल बारा तासांपेक्षा लांबणार असेल तर दुसरा चालक मागा किंवा वाटेत मुक्काम करा. मुक्कामी चालकाला बसच्या सीटवर झोपायला लावू नका, त्याच्या अंथरुणाची व जेवणाची सोय आपल्याबरोबर करा. मार्गदर्शकाचा मेहनताना आधी ठरवून त्याच्या हाती द्या, आणि दुकान नको असे स्पष्ट सांगा. दोन ठिकाणे कमी झाली तरी चालतील. माणशी चार पैसे जास्त पडतील, तेही चालतील. जमल्यास येथील निवृत्त बांधवांना बरोबर घ्या. शहर कोणी बांधले, कोणत्या वस्तीत कोण राबले, हे ते सांगू शकतील.

कार्यकारिणीच्या पुढील बैठकीत प्रत्येक शाखेने असा ठराव करावा. कामगाराने कामगाराला राबवून केलेली सहल आपल्या संघटनेला शोभणारी नाही.