आवाज ५० वर, तरी आजीला मालिका कळत नाही. चूक कानांची की टीव्हीची?

संध्याकाळी सात वाजले की अनेक घरांत एकच भांडण सुरू होतं. आजी म्हणते आवाज वाढव, आतल्या खोलीतून कुणीतरी ओरडतं, अगं किती तो आवाज! शेवटी आवाज कमी होतो आणि आजी नुसती चित्रं बघत बसते. काही दिवसांनी ती टीव्हीसमोर बसायचंच सोडते. घरच्यांना वाटतं, तिला आता मालिकेत रस राहिला नाही.

जागतिक आरोग्य संघटनेच्या माहितीनुसार साठीपुढच्या ६५ टक्क्यांहून जास्त लोकांना कमी-अधिक प्रमाणात कमी ऐकू येतं. म्हणजे हे भांडण तुमच्या एकट्याच्या घरातलं नाही.

ऐकू येतं, पण कळत नाही?

म्हातारी माणसं असं म्हणतात तेव्हा ती अगदी बरोबर सांगत असतात. वयाबरोबर आधी जाते ती बारीक, तीक्ष्ण आवाज टिपण्याची ताकद. स, श, च, फ, त यांसारखी व्यंजनं याच पट्टीतली. आ, ओ, ऊ हे स्वर मात्र बराच काळ नीट ऐकू येतात. त्यामुळे 'सात' आणि 'पाच' दोन्हींतला 'आ' कानापर्यंत पोचतो, आकडा पोचत नाही.

आवाज वाढवला की संवादासोबत मागचं संगीतही वाढतं, आणि आपल्या मालिकांमध्ये ते काही कमी नसतं. शिवाय अशा कानांना हळू आवाज ऐकू येत नाही, पण मोठा आवाज पटकन सहन होईनासा होतो. त्यात हल्लीचे टीव्ही सपाट, स्पीकर लहान आणि बहुतेकदा खाली किंवा मागे तोंड करून बसवलेले. (चर्चेच्या कार्यक्रमात चौघं एकदम बोलतात तेव्हा चांगल्या कानांनाही काही कळत नाही, ते सोडा.)

मग घरी काय करता येईल?

आधी कान-नाक-घसा तज्ज्ञाकडे जा. कधी कधी कानात नुसता मळ साचलेला असतो. तसं नसेल तर श्रवणचाचणी करून घ्या, त्याशिवाय यंत्र विकत घेऊ नका. राज्य सरकारच्या मुख्यमंत्री वयोश्री योजनेत ६५ वर्षांवरच्या आणि कुटुंबाचं वार्षिक उत्पन्न दोन लाखांच्या आत असलेल्या ज्येष्ठांना एकदाच तीन हजार रुपये मिळतात. त्यातून श्रवणयंत्र घेता येतं, पण चांगल्या डिजिटल यंत्राची किंमत याच्या कितीतरी पुढे असते.

टीव्हीच्या साउंड सेटिंगमध्ये संवाद स्पष्ट करणारा मोड असेल तर तो लावा आणि बास कमी करा. आजीची खुर्ची बारा फुटांवरून सहा फुटांवर आणा, हा फुकटातला उपाय सगळ्यात जास्त दुर्लक्षित आहे. वायरलेस हेडफोनही चांगले. फक्त बऱ्याच टीव्हींवर ब्लूटूथ जोडलं की टीव्हीचा स्पीकर बंद होतो, म्हणून दोन्हीकडे आवाज ठेवायची सोय आहे का ते घेण्याआधी बघा. आजी तिच्या आवाजात ऐकेल, बाकीचे त्यांच्या.

आणि चॅनेलवाल्यांनी काय करायचं?

खरा उपाय पडद्यावरच्या अक्षरांचा आहे, आणि त्यासाठी नियमही आहे. दिव्यांग हक्क कायदा २०१६ च्या कलम ४२ मध्ये कॅप्शनचा उल्लेख आहे. त्यावरून माहिती व प्रसारण मंत्रालयाने ११ सप्टेंबर २०१९ ला टीव्हीसाठी मानकं काढली. २०२० मध्ये १० टक्के कार्यक्रम कर्णबधिरांना समजतील असे करायचे, दरवर्षी प्रमाण वाढवायचं आणि २०२५ पर्यंत ५० टक्क्यांवर न्यायचं. थेट प्रक्षेपणांना यातून सूट.

यात एक मेख आहे. कॅप्शन, सबटायटल किंवा सांकेतिक भाषा, असे पर्याय चॅनेलपुढे ठेवले गेले. जन्मापासून ऐकू न येणाऱ्यांसाठी सांकेतिक भाषा हवीच. पण सत्तरीत ऐकू कमी झालेल्या आजीला ती येत नाही. तिला हवं आहे मराठी संवादाखाली मराठी वाक्य. ओटीटीवर मराठी सिनेमा लावला तर खाली बऱ्याचदा इंग्रजी सबटायटल येतात, म्हणजे ज्याला मराठी येत नाही त्याची सोय झाली, ज्याला मराठी येतं पण ऐकू येत नाही त्याची नाही. आणि जिला वाचताच येत नाही, त्या आजीला हेडफोन आणि श्रवणयंत्र यांवरच भागवावं लागणार.

नोव्हेंबर २०२४ मध्ये राजीव रतुरी प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं, की दिव्यांगांसाठीच्या सोयींचे नियम नुसते सल्लावजा असून चालणार नाहीत, काही गोष्टी अनिवार्य कराव्याच लागतील. केंद्राला त्यासाठी तीन महिने दिले होते.

२०२५ पर्यंतच्या ५० टक्क्यांचं काय झालं, हे बघायला अहवाल लागत नाही. आज रात्री आठ ते दहा मराठी चॅनेल फिरवा, रिमोटवर सबटायटलचं बटण असेल तर दाबा, आणि कुठल्या मालिकेखाली मराठी अक्षरं येतात ते मोजा.